एकाच कापडाची दोन पोलकी

गेवराई,
९ फेब्रुवारी २०२५

चि. माया,
सप्रेम जयभीम.

आईची तब्येत बरी असेल. माझे गुडघे कुरकुरतायत, आणि लेखनवर्गातली तुझ्यासारखी नवी संशोधक पोरं अजून प्रबंधाच्याच भाषेत लिहितायत. पेपर वाचणाऱ्या साध्या माणसाला कळेल असं लिहा म्हणून घसा सुकला माझा. परवा एकीनं 'लिंगभावाधारित अवकाश' लिहिलं. मी विचारलं, "बाई, म्हणजे स्वयंपाकघर का?" तर रडायलाच लागली. तू असतीस तर हसली असतीस.

माझा फोन तू उचलत नाहीस. नको उचलूस. पण तुझ्या पेपरातल्या लेखावर बसलेल्या विद्यापीठाच्या चौकशी समितीला तू 'चूक माझीच' असं लिहून दिलंस हे आज कळलं. अगं, कशाला?

लेखातलं ते वाक्य तू दोनदा खोडलं होतंस. एका घरात राहणाऱ्या त्या दोघी दर संक्रांतीला एकाच कापडातून दोन पोलकी शिवून घालतात, हे. समासात लिहिलंस, 'ताई, नावं बदलली तरी गाव यावरून ओळखेल.' आणि मी? आकड्यांनी वाचक हलत नाही, डोळ्यांपुढं उभं राहील असं काहीतरी द्या, हेच सगळ्यांना शिकवत आलेली. पेपरची पुरवणी छापायला जायच्या आधी लेख तपासताना मी ते वाक्य परत घातलं, तुला न विचारता. मला ते लई आवडलं होतं गं. एवढंच कारण.

गावातल्या अर्ध्या बायकांची पोलकी शिवकन्याच शिवते. (हे लेखातलं नाव. खरं इथंही लिहीत नाही.) सकाळी लेख गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला आणि दुपारपर्यंत त्यातल्या दोघी कोण ते सगळ्यांना कळलं. पंधरा वर्षं गाव त्यांना मावसबहिणी समजत होतं. तिच्या सोबतिणीचे भाऊ आले आणि सोबतिणीला मारत घेऊन गेले. तेव्हापासून त्या सोबतिणीचा फोन बंद आहे. इथवर तुला माहीत आहे.

माहीत नाही ते सांगते. त्याच आठवड्यात मी तिथं गेलते. शिवकन्या मशीनपुढं नुसतीच बसली होती, शिवायला कुणी काही टाकलंच नव्हतं. म्हणाली, "मायानं असं कावून केलं? लेकीवानी जेवू घातलं मी तिला." आणि तीस वर्षं पोरांना खरं लिहा म्हणून दटावणारी मी म्हणाले, "लहान आहे ती, चुकलं तिचं."

माया, मी असं म्हणाले. तिथला चहासुद्धा प्यायले.

काल पुन्हा गेले आणि खरं सांगितलं. ती ओरडली नाही, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "मंग आता तूच लिव. समदं खोटं हाय म्हनून लिव. तिला मारनं तरी थांबंल."

तेच करतेय. येत्या रविवारी त्याच पुरवणीत माझ्या नावानं खुलासा येईल: अशा दोघी कुठंच नाहीत, मी मनानं रचल्या, मायाच्या नोंदींत असं काही नाही. समितीलाही तेच पाठवलंय. शुक्रवारी समितीनं विचारलं तर सांग, ताईंना वाचवायला मी 'चूक माझीच' असं लिहून दिलं होतं. तुझी शिष्यवृत्ती राहील. पण बाया-बायांच्या संसारावर तू दोन वर्षं राबलीस, त्यातलं सगळ्यात खरं पान आता खोटं ठरेल. त्या दोघींनी पंधरा वर्षं संसार केला हे तुला कुठंच, कधीच म्हणता येणार नाही. चिडशील. चीड, हक्क आहे तुझा. पण गप्प राहा.

भाऊ तिला परत पाठवतील असं मला वाटत नाही. शिवकन्याला वाटतं. तिला मी काही बोलले नाही.

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. यात सगळं खरं लिहिलंय.

ताई म्हणवून घ्यायच्या लायकीची न उरलेली,
महादेवी