बसल्या जागी धाप

४ जानेवारी

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

या पत्रात मला एकच गोष्ट सिद्ध करायची आहे : माझ्याकडे ठेवलेल्या पैलवानाच्या तापाची चिंता करण्यास तुला कोणतेही कारण नाही. तू सगळे लक्ष इस्पितळातल्या पिटुकलीकडे ठेवावेस.

तिथल्या डॉक्टरीणबाईंचे म्हणणे तूच मला कळवले होतेस. या विषाणूने दाखल झालेल्या मुलांपैकी कोणाचे दुखणे हाताबाहेर जाते? जी वर्षाच्या आतली आहेत, जी दिवस भरण्याआधी जन्मली, ज्यांच्या हृदयात वा फुफ्फुसांत मूळचे वैगुण्य आहे, ज्यांच्या घरात धूम्रपान चालते. पिटुकली आठव्या महिन्यात जन्मलेली, तान्ही. तिला प्राणवायू लावावा लागला यात नवल नाही. तिचा भाऊ, आपला पैलवान, मात्र पाच वर्षांचा, पुऱ्या दिवसांचा, हाडापेराने मजबूत. एकही कलम त्याला लागू नाही. निष्कर्ष तुझा तू काढ.

तो परवापासून तापला आहे, जेवणावर मन नाही, इतकेच. त्याच्या तर्काची मात्र गंमत ऐक. काल खुर्चीत बसून चित्रे पाहता पाहता म्हणाला, की आपण पळून आल्यासारखे वाटते. तू जागचा हललाच नाहीस, मग पळालास कधी, असे मी विचारताच पुन्हा चित्रांकडे वळला. कॉलेजात इतकी वर्षे तर्कशास्त्र शिकवले, पण इतक्या लवकर हार मानणारा विद्यार्थी भेटला नव्हता.

शेजारच्या शिंपीणबाई त्याला डॉक्टरकडे न्या म्हणून धोशा लावतात. त्यांची मापे अचूक असतात, अनुमाने नव्हेत.

आशीर्वाद आहेतच, त्यांना पुरावा लागत नाही.

तुझे बाबा

६ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आत्ता हातात पडलं. पिटुकली सुधारतेय, दोन दिवसांत घरी सोडतील. फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही स्वतः जोडता, म्हणून शिंपीणकाकूंना फोन करून सांगितलं आहे, की पैलवानाला आत्ताच्या आत्ता इस्पितळात न्या. बाबा वाद घालू लागले तर घालू द्या, गाडी थांबवू नका, असंही सांगितलंय.

तुम्ही गंमत म्हणून लिहिलेलं त्याचं बोलणं मी डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं. त्या हसल्या नाहीत. बसल्या जागी पोराला धाप लागली होती, बाबा. सदरा वर करून बरगड्यांखालची कातडी आत ओढली जाते का, एवढं बघायचं होतं. तुमच्या कलमांचं म्हणाल, तर त्या म्हणाल्या की शंभर मुलांत आधी कोणाकडे धावायचं हे त्यावरून कळतं. बाकीच्यांकडे पाठ फिरवा असं त्यात कुठेच नाही. शेजारच्या खोलीत एका सात वर्षांच्या मुलीच्या घशात नळी घातली आहे. तिला तुमचं एकही कलम लागू नव्हतं.

मी रागावलेली नाही. म्हणजे आहे, पण राग सध्या ठेवून देते.

तुम्हीही जपा. माया पातळ करू नका.

तुमची ठकू

११ जानेवारी

ती. बाबांस, शि. सा. न. वि. वि.

मी इथे तुमच्या गावी पैलवानापाशी आल्यापासून तिकडे माझ्या घरी पिटुकलीने तुम्हाला किती नाचवलं, ते यांनी सांगितलं. दूध पाजलं की खांद्यावर घेऊन पाठ थोपटा, व्याख्यान देऊ नका.

पैलवानाला काल श्वासाच्या यंत्रावर घेतलं. नळी ओढू नये म्हणून हात बांधलेत. आपल्याला तो थोराड वाटायचा ना. इथे नुसता पलंगच दिसतो.

इथले डॉक्टर कोड्यात पडलेत. धाप दाखल केलं त्याच सकाळी लागली, असं तुम्ही सांगितलंत. खुर्चीतलं ते बोलणं नुसता खेळ होता, नंतर श्वास अगदी शांत होता, असं मलाही छातीठोक म्हणालात. तुमच्या तोंडून चुकीचा तपशील कधी आलेला नाही, म्हणून मी डॉक्टरांना तेच सांगितलं. मग एवढ्यात इतकं कसं बिघडलं? त्यांना आता संशय आहे की हृदयातच मूळचं काही असावं. तपासणीसाठी परवा त्याला यंत्रासकट दुसऱ्या इमारतीत नेणार. नेण्यातच धोका आहे म्हणाले. मी सही दिली.

हे पत्र यांच्या हाती देते. हे उद्या परत निघतील. मायेत अंतर नको.

तुमची ठकू

१२ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

जावयांनी पत्र देताच त्यांच्याकडून मी इस्पितळात फोन करवला. परंतु दुसऱ्याच्या तोंडचा निरोप ही ऐकीव साक्ष. म्हणून हे लेखी, आज रात्रीच्याच गाडीने जावयांच्या हाती पाठवतो. तू वाच आणि लगेच डॉक्टरांच्या हाती दे.

मुलाची धाप सहा तारखेच्या सकाळी सुरू झाली, हे माझे विधान खोटे आहे. तीन तारखेपासून त्याला बसल्या जागी धाप लागत होती. पाच तारखेला तो दोन शब्दांमध्ये थांबू लागला. बरगड्यांखालची कातडी आत जाते, हे शिंपीणबाईंनी त्याच संध्याकाळी मला बोट ठेवून दाखवले. मला दिसले. त्यांना मी घरी पाठवले. इस्पितळात विचारणा झाली तेव्हा त्या बाहेर उभ्या होत्या, आणि माझे अनुमान चुकले असे म्हणण्यापेक्षा दुखणे उशिरा सुरू झाले असे म्हणणे मला सोपे गेले.

त्याला मूळचे दुखणे नाही, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही. त्याला पलंगावरून हलवण्यापूर्वी ही तारीख विचारात घ्यावी, एवढीच विनंती. चूक माझी आहे, त्याच्या हृदयाची असेलच असे नाही.

(सही)
मुलाचे आजोबा