तुम्ही मला बार उचलू दिला नाहीत

बाबुजी, तुम्ही गेलात तेव्हा माझं वजन एकशे आठ किलो होतं. आज सकाळी सदुसष्ट भरलं. मधल्या चौदा वर्षांचं सगळं सांगत बसत नाही, पण शेवटच्या दोन वर्षांत मी एवढी उतरले की वाडीच्या चौकात तुम्ही खेळ शिकवायचात त्या शाळेतले जुने मास्तर समोरून जातात आणि मला ओळखत नाहीत. साखर वाढली होती, गुडघे जिना चढू देत नव्हते, विमानतळाजवळच्या मिहानमधल्या कंपनीत दिवसभर खुर्चीत बसून पाय सुजायचे. मग मी जेवण अर्ध्यावर आणलं, रविवारचे तर्री-पोहे सोडले, आणि अमरावती रोडवरच्या ट्रकांच्या धुरात सकाळी दोन-दोन तास चालत सुटले. लोक वा म्हणायचे. मलाही वाटायचं, वा. कपडे बदलताना मात्र दिसायचं की दंडाची कातडी सैल बाहीसारखी लोंबते आहे आणि पोट तेवढं चिकटून बसलं आहे. जायला पाहिजे ते राहिलं होतं, आणि राहायला पाहिजे ते गेलं होतं.

ते किती गेलं होतं, हे आई बाथरूममध्ये घसरली तेव्हा कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण तिला उठता येईना. मी काखेत हात घालून उचलायला गेले, तर मला ती हलवता येईना. बेचाळीस किलोची बाई, बाबुजी. तुम्ही असताना ती एकदा चक्कर येऊन पडली होती, तेव्हा याच हातांनी तिला पलंगावर नेऊन ठेवलं होतं. आता घरात आम्ही दोघीच. शेजारच्या काकूंना हाक मारावी लागली. ओल्या फरशीवर बसल्या बसल्या आई म्हणाली, "बारीक झाली तं काय झालं वं, जीवच नाही राहिला तुह्यात." दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी माझे दंड दाबून पाहिले. म्हणाले, अर्धपोटी राहून नुसतं चालत सुटलात, त्यात चरबीबरोबर स्नायूही गेले. आता उपाशी राहणं बंद. डाळ, दही, पनीर, अंडी नीट खा आणि वजन उचला. काटा फारसा हलणार नाही, पण चरबी कमी होईल आणि तिच्या जागी ताकद येईल. वजन उचला, हे शब्द ऐकून मला हसू आलं. डॉक्टरांना वाटलं मी घाबरले.

वाडीत ट्रान्सपोर्टच्या एका जुन्या गोदामात बायकांची व्यायामशाळा निघाली आहे. तिथे गेले आणि दारातच ती उभी. चौकातल्या टायरवाल्याची पोरगी. तुमची पोरगी, असं लिहिणार होते, खरंच. केस पिकलेत तिचे, पण खांदे तसेच आहेत. तिने मला ओळखलं नाही. मी फॉर्म भरून तिच्या हातात दिला, त्यावर वडिलांच्या नावाच्या जागी तिने तुमचं नाव वाचलं, आणि तशीच थांबली. "सरांची पोरगी? ताई, तुमी? अवो माय, अर्ध्या झाल्या नं तुमी!" आणि ती रडायला लागली. बायका बघत होत्या. माझे डोळे कोरडेच होते. माझ्या बापासाठी माझ्याआधी ती रडली, याचाच मला राग आला.

अजून दिसतं मला: मी चौदा वर्षांची आहे, ती तेरा. सकाळी साडेपाचला ती फाटकाची कडी वाजवते आणि तुम्ही एका हाकेत उठता. मला शाळेसाठी उठवायला आईला चार हाका माराव्या लागतात. अंगणात सिमेंटच्या चौथऱ्यावर तिला वजन उचलायला शिकवायचं म्हणून तुम्ही शाळेतून मागून आणलेला लोखंडी बार आहे. आई स्वयंपाकघरात अंडी शिजवू देत नाही, म्हणून तुम्ही अंगणातच स्टोव्ह पेटवता, चार अंडी उकडता, गार पाण्यात टाकता, सोलता, मीठ लावता आणि एकेक करून तिच्या तळहातावर ठेवता. मी खिडकीत उभी आहे. मला अंड्याचा वासही सहन होत नाही, तरी मला ते सोललेलं अंडं हवं आहे. तिच्या हातून बार निसटला की तुम्ही असे ओरडता की लिंबावरचे कावळे उडतात. "खाली काय पाहून राहिली वं? पुन्हा उचल!" ती रडत रडत उचलते. 'उचल' म्हणून मला तुम्ही कधीच ओरडला नाहीत, बाबुजी. मी दोन वर्षं खिडकीत उभी राहून तिने खाल्लेल्या प्रत्येक शिवीवर जळले.

एकदाच हात लावला होता मी. रविवार होता, ती आली नव्हती, तुम्ही दूध आणायला गेला होतात. प्लेटा काढलेला नुसता बार मी गुडघ्यापर्यंत आणला, आणि तुम्ही फाटकात. "ठेव ते खाली! कंबर मोडशील." मी ठेवला. मग तुम्ही आवाज उतरवून म्हणालात, "तुले काहून पाहिजे वं हे? तू हुशार आहेस, अभ्यास कर." त्याच महिन्यात ती राज्य स्पर्धेला निघाली, तेव्हा तुम्ही तिच्यासाठी टाचेला लाकूड असलेले लाल बूट आणलेत आणि माझ्यासाठी जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश. शब्दकोश कामाचा होता. नोकरी लागली त्यात त्याचाही वाटा असेल. पण तुम्ही खाली वाकून तिच्या बुटाच्या नाड्या आवळत होतात, आणि मी 'ए' अक्षराचं पहिलं पान उघडून उभी होते.

आता तीच मला शिकवते. सोमवार, बुधवार, शुक्रवार. आधी नुसती काठी हातात दिली, मग रिकामा बार, मग दोन्ही बाजूंना पाच-पाच किलो. बैठका, उचल, खांद्याच्या वर ढकलणं. घरी मी अंडी खाते. आईने आता स्वयंपाकघरात उकडायला हो म्हटलंय, मात्र भांडं वेगळं. पहिले चार महिने काटा सदुसष्टावरून हलला नाही आणि मी चिडले, तर ती म्हणाली, "ताई, काट्याले काय विचारता, सलवारीच्या नाडीले विचारा." नाडी खरंच दोन बोटं आत आली होती. दंडावर आता गाठ उठते. कातडी लोंबते ती लोंबतेच, ती काही जाणार नाही म्हणतात. पण मागच्या महिन्यात आई भाजी निवडायला खाली बसली, तिचा पाय आखडला, आणि मी तिला उचलून खुर्चीत बसवलं. एका दमात. ती माझा दंड चाचपत राहिली. हे सगळं त्या बाईमुळे झालं, आणि मला तिचे आभार मानता येत नाहीत. ती पाणी प्यायली तरी मला वाटतं, घोटाघोटाने प्यायला हिला तुम्हीच शिकवलं असेल. तिच्याकडे तुमच्या इतक्या गोष्टी आहेत! तुम्हाला प्रवासात झोप लागत नसे, तुम्ही स्पर्धेच्या दिवशी दाढी करत नसा, ती पहिल्यांदा हरली तेव्हा तुम्ही तिला जिलबी खाऊ घातलीत. मी तुमच्याबरोबर तेहतीस वर्षं राहिले. मला यातलं काहीच माहीत नव्हतं.

दोन आठवड्यांपूर्वी, आम्ही दोघी बाकावर बसून दम घेत होतो, तेव्हा ती म्हणाली, "ताई, एक सांगू? राग नका मानू." मग सांगितलं. आमच्या शाळेच्या खेळदिनाला मी धावले होते, सगळ्यात शेवटी आले होते, आणि मुलं हत्ती आला, हत्ती आला म्हणून ओरडत होती. ते तुम्ही ऐकलं होतं. पुढच्या आठवड्यात कामठीहून स्पर्धा आटोपून बसने परत येताना तुम्ही तिला म्हणालात, "पोरगी माही मैदानात उतरली का लोक हसतात. मले नाही पाहवत. म्हणून तिले म्हणतो, तू अभ्यास कर." हे सांगून तिने माझ्या पाठीवर हात फिरवला. तिला वाटलं, मला बरं वाटेल.

दुसऱ्या कोणाला वाटलंही असतं. मला फक्त ती बस दिसली, आणि तुमच्या शेजारची जागा. माझ्याबद्दल तुमच्या मनात काय होतं ते तुम्ही टायरवाल्याच्या तेरा वर्षांच्या पोरीला सांगितलंत, आणि घरी येऊन मला विचारलंत की गृहपाठ झाला का. आणि लोकांचं हसणं तुम्हाला पाहवत नव्हतं, मला तर ते रोज ऐकावं लागत होतं. तुम्ही अंगणात मला त्या चौथऱ्यावर उभं केलं असतं, ओरडला असतात, तर मी ते सहन केलं असतं, आनंदाने केलं असतं. तिला मी एवढंच म्हणाले, "मले माहीत आहे. मलेही सांगितलं होतं त्यांनी." तिने मान हलवली. तिला ते खरं वाटलं की नाही, कळलं नाही.

हे पत्र मी बहुतेक फाडून टाकीन. आईच्या हाती लागलं तर ती म्हणेल, मेलेल्या माणसाशी काय भांडून राहिली, आणि तिचं बरोबरच असेल. ती बाई चांगलं शिकवते, बाबुजी. इतकं चांगलं की माझी उचल आता चुकत नाही, आणि बरोबर उचललं की ती काही न बोलता पुढच्या बाईकडे निघून जाते. एरवी ती मला अहो-जाहो करते, पण माझी मान खाली गेलेली दिसली की मागून येऊन कमरेवर पंजा ठेवते आणि खेकसते, "खाली काय पाहून राहिली वं? काही पडलं काय तुहं?" ते बोलणं तिचं नाही, आवाजसुद्धा तिचा नाही. म्हणून शेवटच्या उचलीला, दर वेळी, मी मुद्दाम खाली पाहते.