उटण्यात गेलेल्या रेघा

आई, माझं रेडिएशन काल संपलं. तुझ्या वेळी घरात सगळे त्याला 'लाइट घेणं' म्हणायचे, आणि मला वाटायचं, तुला एखाद्या मोठ्या बल्बखाली बसवत असतील आणि तू तिथेही कुणाला तरी नीट बसायला सांगत असशील. आता मी वयाने तुझ्याहून मोठी झाले आहे. तेव्हा आज जरा चढ्या आवाजात बोलले तर चालवून घे.

दिवाळीची पहाट. सिकंदराबादचं आपलं रेल्वे क्वार्टर, मोरीत पाटावर मी कुडकुडत बसलेली आणि तुझे ते दणकट हात. "कानामागे घास की गं! भाजी लावायची आहे का तिथे?" उटणं डोळ्यांत जातं म्हणून मी रडते, तर तू म्हणतेस की रडायला अख्खं वर्ष पडलंय. आमचं आटोपून तू स्वतः न्हायला गेलीस आणि मी अंगणात लवंगी फटाक्यांची माळ सोडवत बसले. मोरीचं पाणी अंगणातल्या नालीत यायचं. त्या दिवशी ते जांभळं आलं. लाइट नेमका कुठे द्यायचा ते कळावं म्हणून डॉक्टरांनी तुझ्या छातीवर जांभळ्या शाईने रेघा आखल्या होत्या, बाहेर डोकावू नयेत म्हणून तू त्या पदराखाली झाकून ठेवायचीस. ओल्या केसांनी बाहेर आलीस आणि बाबांना हळूच म्हणालीस, "सगळं पुसलं गेलं हो. आता डॉक्टर रागावतील." बाबा म्हणाले, सण झाला की जाऊ. सण झाला, भाऊबीज झाली, फराळाचे डबे रिकामे झाले, तू दवाखान्यात गेली नाहीस. पुढच्या दिवाळीला आम्हाला उटणं बाबांनी लावलं.

त्यानंतर कित्येक वर्षं मी तुझ्यावर रागावलेली होते. हे मी कधी बोलून दाखवलं नाही, पण राग होता. करंज्या आणि चकल्यांपायी हिने औषधपाणी अर्धवट सोडलं, आमचा विचार केला नाही, असं मनात पक्कं बसलं होतं. माझ्या लेकीला मी तुझ्या सगळ्या गोष्टी सांगितल्या, ही सोडून.

आणि मग यंदा माझी पाळी. नामपल्लीच्या पुढे एका गल्लीत छोटंसं क्लिनिक आहे, पुढे मेडिकलचं दुकान आणि खाली तळघरात मशीन. तिथल्या टेक्निशियन बाईंनी माझ्या अंगावर निळ्या मार्करने रेघा आखल्या आणि पहिल्याच दिवशी बजावलं, "साबण नक्को, तेल नक्को, रगड़ना तो बिल्कुल नक्को." मी मान डोलावली. दिवाळीच्या पहाटे मात्र उटण्याचा वास आला आणि माझे हात तुझे झाले. तेल लावलं, उटणं लावलं, काखेखाली, गळ्याखाली, काही म्हणता काही सोडलं नाही. अंग पुसलं तेव्हा टॉवेल निळा झाला.

लेकीने टॉवेल पाहिला आणि कपाळाला हात लावला. "मम्मी, कायकू? त्या बाईंनी सांगितलं होतं ना!" क्लिनिक त्या दिवशी बंद. ताटातला फराळ मी तसाच डब्यात परत भरला. आता किरण भलतीकडेच जातील, डॉक्टर म्हणतील बंद करा, आतापर्यंतचं सगळं फुकट जाईल. डोळ्यांसमोर सारखं नालीतलं ते जांभळं पाणी येत होतं.

दुसऱ्या दिवशी लेकीला ऑफिसला पाठवलं आणि मी एकटीच गेले. गाउन बाजूला केला. बाईंनी पाहिलं.

"अय्यो अम्मा! निशानां किधर गए?"

"दिवाळी होती... उटणं लावलं," मी म्हणाले. शाळेत गृहपाठ राहिल्यावर निघायचा तसा आवाज.

बाई खो खो हसल्या. "तुम मराठी लोगां! हर दिवाली में एक तो आतीच है ऐसा करके. डरो नक्को. नक्शा कंप्यूटर में है, फिर से डाल देते."

मशीनवर फोटो काढले, डॉक्टरांनी येऊन ताडून पाहिले आणि बाईंनी नव्याने रेघा आखल्या. कुणीही रागावलं नाही. हात डोक्यामागे धरून मी त्या टेबलावर पडले होते आणि रडू फुटलं. डोळे पुसायला हात हलवायची सोय नव्हती, तेव्हा बाईंनीच कापसाने पुसले. "हिलना नक्को अम्मा, बस."

तिथे पडल्या पडल्या मला तू कळलीस. तू करंज्यांसाठी थांबली नव्हतीस गं. आम्हा सगळ्यांना रागावणारी तू, कुणीतरी तुला रागावेल म्हणून घाबरली होतीस. एवढंच होतं. कुणी हसून पुन्हा रेघा आखल्या असत्या तर तू गेली असतीस, मला खात्री आहे.

काल डॉक्टर म्हणाले, सगळं मनासारखं झालंय, आता तपासायला येत राहा. त्वचा तव्याच्या बुडासारखी काळी पडली आहे, तीही उजळेल म्हणतात. भूक लागायला लागली आहे. पुढच्या दिवाळीला लेकीला पाटावर बसवून कानामागे घासणार आहे. ती तिशीची आहे, ओरडेल. ओरडू दे.

हे पत्र कुठे टाकायचं, प्रश्नच आहे. उटण्याच्या डब्यात ठेवते, वास तरी लागेल. एक मात्र लेकीलाही सांगितलेलं नाही, तुला सांगते. एकटी गेले त्या सकाळी क्लिनिकच्या दारातून मी आधी परत फिरले होते. रिक्षा केली, सुलतान बाजारापर्यंत आले. सण झाला की जाऊ, असं मनाशी म्हणालेही. मग आपण काय म्हणालो ते माझं मलाच ऐकू आलं, आणि मी रिक्षावाल्याला सांगितलं, "भैया, वापस लो."