परीक्षा विभागापर्यंतचा रस्ता

माय, विद्यापीठातला तो रस्ता आता तुला ओळखू येणार नाही. फाटकापासून ग्रंथालयापर्यंत गाड्या बंद झाल्या आहेत. डांबर उखडून फरशी बसवली, कडुनिंबाची झाडं तशीच ठेवली, त्यांच्या सावलीत बसायला ओटे बांधले. ज्यांनी हा आराखडा केला त्यांच्यात मीही होते. धुळ्याहून जळगावला यायचे आणि भर उन्हात उभी राहून माणसं कुठून चालतात, कुठे थबकतात ते बघायचे. दर वेळी तूच दिसायचीस.

लहानपणी शाळा सुटली की मी तुझ्या परीक्षा विभागात येऊन बसायचे. तू उत्तरपत्रिकांचे गठ्ठे बांधत असायचीस, मान वर न करता विचारायचीस, डबा संपवलास का. मग आपण असोद्याची बस धरायला फाटकाकडे निघायचो. चालायला वेगळी जागाच नसायची. तू मला आतल्या बाजूला घ्यायचीस आणि स्वतः गाड्यांच्या अंगाने चालायचीस. एकदा एका साहेबांच्या गाडीने मागून असा हॉर्न दिला की मी दचकून कडेच्या खड्ड्यात पडले. तू मला उठवलंस, फ्रॉक झाडलास आणि सरळ गाडीपुढे जाऊन उभी राहिलीस. काच खाली झाली. बाजूने चालता येत नाही का, असं साहेबांनी विचारलं. कचेरीत तू किती जपून, पुस्तकातल्यासारखं बोलायचीस. त्या दिवशी मात्र सोनगीरच्या माहेरची बोली तुझ्या तोंडी आली.

"साहेब, बठ्ठा रस्ता गाड्यासना शे. आमना कोठे शे तो दाखाडा, तठे चालसूत."

सगळा रस्ता गाड्यांचा, आमचा कुठे ते दाखवा, तिथून चालू, हे ऐकून साहेबांनी काच वर केली. ड्रायव्हरने गाडी वळसा घालून नेली. मी रडत होते, तर बसमध्ये तू मलाच रागावलीस. पडलीस म्हणून रडायचं, की लोक बघत होते म्हणून, असं विचारलंस.

आराखड्याच्या शेवटच्या बैठकीत मी परीक्षा विभागापर्यंतचा सगळा रस्ता चालणाऱ्यांसाठी मागितला. गाड्या कुठे लावायच्या, हाच प्रश्न सगळे फिरून फिरून विचारत होते. माझे नकाशे दाखवून झाले, आकृत्या झाल्या. मग न ठरवता तुझंच वाक्य माझ्या तोंडून गेलं, तुझ्याच बोलीत. कुणी हसलं नाही. अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला आणि ते म्हणाले, ग्रंथालयापर्यंत करू, पुढचं पुढे बघू. ते पुढचं अजून तसंच आहे. तुझ्या इमारतीसमोर आजही गाड्यांची रांग असते आणि तिथल्या बायका त्यांच्यातून वाट काढत घरी जातात. याचं वाईट वाटतं, आणि ते सांगायला तू नाहीस. तू गेलीस तेव्हा मी नकाशाची साधी रेघही ओढायला शिकले नव्हते.

हे पत्र कुठे टाकणार? पिशवीतच राहील. पण एक सांगते. परवा संध्याकाळी पोरी हातात हात घालून रस्त्याच्या मधोमध चालल्या होत्या, मागे न बघता. त्यांच्या पुढे एक बाई होती, तुझ्यासारखाच सैल अंबाडा, तशीच निळसर सुती साडी. मी पावलं उचलली, तिच्या अगदी जवळ पोचले आणि तिथेच वेग कमी केला. पुढे जाऊन तिचा चेहरा पाहिला नाही. फाटक येईपर्यंत तिच्या मागेच चालत राहिले.