नेदर हॅल्सीच्या तक्तपोशीतील झडप

मी, अँब्रोज टोबायस यॅलंड, वय वर्षे त्र्याऐंशी, निवृत्त व्याकरणशिक्षक, राहणार नेदर हॅल्सी, परगणा डेव्हन, असे लिहून ठेवतो की, माझी बुद्धी शाबूत आहे, हात किंचित कापतो, आणि मला कोणीही भरीस घातलेले नाही. परावृत्त करणारे मात्र पुष्कळ भेटले. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. वकिलांच्या मसुद्यातील दोन वाक्यांना क्रियापदच नव्हते, म्हणून हे स्वहस्ते लिहीत आहे.

कलम १. नेदर हॅल्सी हे घर, त्यावरील गवताने शाकारलेले छप्पर, मागील सफरचंदांची बाग व सायडरचा घाणा ही सर्व मालमत्ता माझी कन्या थॉमसिन हिला मिळावी. तीन वर्षांपूर्वी गवताच्या गंजीवरून पडल्यापासून ती चाकांच्या खुर्चीत आहे. बाग तेव्हाही तीच पाहत होती, आजही तीच पाहते.

कलम २. बँकेतील माझी सर्व ठेव चिरंजीव जर्व्हेस, वास्तुरचनाकार, ब्रिस्टल, याला मिळावी. तसेच आढ्यावरील शोभेचा पेंढ्याचा कोंबडाही त्यालाच द्यावा. माझ्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेच्या काळात, मला न विचारता, त्यानेच तो शाकारणाऱ्याकडून बसवून घेतला. आता तो त्याने स्वतःच्या काचेच्या घरावर बसवावा.

कलम ३. वरचा मजला कोणीही, कोणत्याही सबबीवर, काढू नये. हे कलम का लागते, ते जर्व्हेसच्या ईस्टरमधील भेटीतील संभाषणावरून कळेल.

"बाबा, आढ्याखालचं गवत पाहिलंत? पाचशे वर्षांची काजळी आहे त्याला. तेव्हा खाली मधोमध चूल पेटायची आणि धूर सरळ छपरात जायचा. मजला नव्हताच! तो काढला की घर मूळ रूपात येईल."

"आणि थॉमसिन?"

"एक्सेटरला चांगली निवासी संस्था आहे. नाहीतरी तिला वरच्या मजल्याचा काय उपयोग?"

थॉमसिन दारातच होती. "मूळ रूप हवंय ना, दादा? मग धुराडंही पाड, मधोमध चूल पेटव आणि डोळे चोळत बस. मी येईन की बघायला!"

तिच्या बोलण्याला माझी पुस्ती अशी. धुराडे नंतरचे आहे. धूर त्यातून जाऊ लागला तेव्हा वर मजला घालता आला, तोही नंतरचा. मजल्यासाठी धुराड्याला बिलगून गोल जिना वळवला, पुढे पावाची भट्टी भिंतीत खोदली. माझ्या वडिलांनी माती-पेंढ्याच्या भिंतींवर सिमेंट थापले. आतली ओल आतच कोंडली आणि पश्चिमेचा कोपरा खचला. तो गिलावा मी खरवडून काढला आणि चुन्याचा दिला. माझी दिवंगत पत्नी हॉनर हिने वर न्हाणीघर केले. यांपैकी कोणत्या दिवशीचे घर मूळ, ते जर्व्हेसने सांगावे. त्याला धुराचे घर हवे आहे, कारण त्याला त्या धुरात राहायचे नाही.

कलम ४. थॉमसिनची खोली वर आहे आणि न्हाणीघरही वर आहे. ती मात्र खाली, पूर्वी दूध ठेवायच्या खोलीत, दगडी फडताळांच्या मधोमध झोपते, आणि शेजारच्या मिसेस एन्डाकॉट तिला घंगाळातल्या पाण्याने अंघोळ घालतात. लिफ्ट बसवावी, तर जुन्या वास्तूंचे अधिकारी म्हणाले, मजल्याचा एकही जुना वासा कापता येणार नाही. त्यांचे म्हणणे योग्य होते. परंतु या घराचा जिना इतका अरुंद आहे की त्यात शवपेटी वळत नाही. म्हणून मजला घालणाऱ्यांनीच माझ्या शयनगृहाच्या जमिनीत एक झडप ठेवली. मृताची पेटी तेथून दोरांनी खाली बैठकीच्या खोलीत सोडतात. आजोबा, वडील आणि हॉनर तेथूनच उतरले.

सुतार विल्फ हॅनफर्ड याने झडपेचे माप घेतले.

"मास्तर, खुर्ची बसते! दोन्हीकडं बोटभर जागा उरते. वासे तर आधीच कापलेत. साहेबाला बोल लावायचाच असेल तर त्या जुन्या सुताराला लावू दे."

साहेबांनी बोल लावला नाही. लेखी परवानगी दिली. लिफ्ट त्याच झडपेत बसवावी. काम येत्या सोमवारी सुरू होईल. त्यापूर्वी माझे काही बरेवाईट झाले तरी ते थांबवू नये.

कलम ५. विल्फने विचारले, "पण मास्तर, तिथं लिफ्ट बसली आणि तुम्ही वरच गेलात, तर तुम्हाला काढायचं कुठून? खिडकीतून?"

शंका रास्त होती. म्हणून माझ्या घराण्यात वरच्या पलंगावर मरण्याचा जो हक्क चालत आला आहे, तो मी सोडत आहे. पलंग सुटा करून काल खाली आणवला. थॉमसिनने फार वाद घातला.

"बाबा, खाली गारठा असतो. तीन हिवाळे काढलेत मी, मला विचारा."

"विचारले नाही, हीच चूक झाली."

"मग निदान माझं लोकरीचं पांघरूण घ्या. आणि रोज सकाळी ओरडू नका, चहा येईल तेव्हा येईल."

पांघरूण घेतले. चहाबाबत मी काहीही कबूल केलेले नाही.

कलम ६. या मृत्युपत्राचा व्यवस्थापक विल्फ हॅनफर्ड राहील. जर्व्हेसने कलम ३ अथवा ४ यांना न्यायालयात हरकत घेतल्यास कलम २ मधील ठेव त्याला मिळू नये. ती छपराच्या पुढील शाकारणीकडे वळवावी. कोंबडा मात्र त्याने कोणत्याही परिस्थितीत न्यावा.

जिन्याची दोरी धरून, मध्ये दोनदा थांबून, मी स्वतःच्या पायांनी खाली उतरलो आहे. आता थॉमसिनने वर जावे.

(सही) अँब्रोज टोबायस यॅलंड

वरील सही आम्हा दोघांच्या देखत झाली आणि त्यानंतर आम्ही त्यांच्या देखत सह्या केल्या. थॉमसिन यॅलंड लाभार्थी असल्याने त्या वेळी बागेत होत्या.

साक्षीदार:
१. विल्फ्रेड हॅनफर्ड, सुतार
२. लोविना एन्डाकॉट, शेजारीण

दिनांक: ११ ऑक्टोबर १९९४
स्थळ: नेदर हॅल्सी, खालची बैठकीची खोली