आयाची जागा

कामरगाव, १९७६

उकंडराव भाऊजी, जय भीम.

तुमच्या आईले लकवा झाला तवा तुमी माही नर्सची नोकरी सोडवली. सहा वर्षं मी त्यायची कूस बदलली, पाठीले एक जखम होऊ देली नाही. त्या गेल्यावर काल दवाखान्यात काम मांगाले गेली. डॉक्टर म्हणाले, "सहा वर्षं घरीच बसलात. आयाची जागा आहे." तेवढ्यात नव्या नर्सले एका बाईची शीर सापडेना. मी पहिल्याच खेपेले सुई लावली. डॉक्टर म्हणाले, "छान! मग उद्यापासून आया म्हणून या." मले शिसारी आली.

आज तुमची चिठ्ठी आली: 'माह्या सासूचं हाड मोडलं. तू रिकामीच हायेस, ये.' तुमची तर जास्तच शिसारी आली.

हे पत्र टाकत नाही. मी आली नाही, म्हंजे समजून घ्या.

भागिरथा