माळ्यावरची लेडी ॲग्नेस

५ जून २०२२, रविवार

राणीच्या कारकिर्दीच्या सत्तर वर्षांच्या उत्सवासाठी गल्लीत टेबलं मांडली होती. गेलो नाही. टीव्हीवर नवी मालिका सुरू होणार होती. साल १८१४, जागा कुठल्याशा जहागीरदाराची हवेली.

सव्वा तासात सतरा चुका. नायिका उघड्या डोक्यानं चर्चमध्ये जाते. बटलर मालकिणीशी हात मिळवतो. मेणबत्त्या जेवण सुरू होताना जेवढ्या उंच, तेवढ्याच जेवण संपताना. मी एकतीस वर्षं वजन-मापं निरीक्षक होतो. मेणबत्ती तासाला किती जळते हे मला कोणी शिकवू नये.

माझी बायको ग्लेंडा म्हणाली, "बर्नार्ड, त्या दोघांचं जमतंय का तेवढं बघू दे ना रे." जमणार. पहिल्या पाच मिनिटांत कळतं. मुद्दा मेणबत्तीचा आहे.

संकल्प: चॅनेलला पत्र. सभ्य, पण सालटी काढणारं.

९ जून, गुरुवार

मोठा दिवस. मार्केट स्ट्रीटवरचं जुनं थिएटर पाडतायत. तळघरात पाच गोल पत्र्याचे डबे निघाले. मुकादम म्हणाला, "कचऱ्यातच चाललेत आजोबा, न्या." (आजोबा! मी सत्तरचा आहे.) एका डब्यावर चिठ्ठी: ‘लेडी ॲग्नेसची शपथ, १९२३’.

घरी येऊन पुस्तकं पाहिली. ही फिल्म कुठल्याही ग्रंथात नाही. म्हणजे माझ्याकडच्या दोन्हीत नाही. जगातली एकमेव प्रत असणार.

पहिला डबा उघडला. हातभर फिल्म सुटली, पुढची चिकटलेली. खिडकीशी धरून अकरा चौकटी पाहिल्या. जिन्यावर उभी बाई. कॉलर अचूक. तिच्या नजरेत सगळं शतक आहे. आजच्या दिग्दर्शकांना हे सात जन्मांत जमणार नाही.

डबे माळ्यावर ठेवले. कोरडी, शांत जागा. ग्लेंडाला तूर्त सांगितलं नाही. तिला अशा गोष्टींचं ओझं नको.

१४ जून, मंगळवार

चर्चच्या हॉलमधल्या फिल्म क्लबच्या सेक्रेटरी मिसेस मॉल्टबींना फोन केला. २१ जुलैला ‘लेडी ॲग्नेस’चा खेळ ठरवला. आधी माझं भाषण, दीड तास. त्या म्हणाल्या, "मिस्टर ड्रिंग, वीस मिनिटांत नाही का होणार?" तडजोड म्हणून सव्वा तासावर आलो.

ग्लेंडा विचारते, वरच्या मजल्यावर कसला वास येतोय? मला येत नाही. फार तर थोडा. जुने मोजे आणि पॉलिश एकत्र केल्यासारखा. गटाराचा असणार.

१७ जून, शुक्रवार

बाहेर तीस. माळ्यावर एकोणचाळीस. तापमापक खात्यातला आहे, निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेला, अर्ध्या अंशाचीही चूक नाही. रोज नोंद ठेवायचं ठरवलं. ठेवा जपायचा तर शास्त्रशुद्ध जपावा.

उजेडानं फिल्म खराब होते, म्हणून छपराची खिडकी आतून पुठ्ठा ठोकून बंद केली. धूळ बसू नये म्हणून डब्यांवर पाहुण्यांची दुलई घातली. समाधान वाटलं.

माळ्याच्या दाराची पितळी मूठ हिरवी पडलीय. ग्लेंडानं गेल्याच आठवड्यात घासली होती. हल्लीचं पॉलिश.

२३ जून, गुरुवार

आज ट्रेव्हर स्लाइट आला. समोर राहतो, वय ब्याऐंशी. मार्केट स्ट्रीटच्या त्याच थिएटरात चाळीस वर्षं प्रोजेक्टर चालवायचा. प्रोजेक्टर मागायलाच त्याला बोलावलं होतं. चहा, ट्राउट माशाचं सँडविच. दोन घास खाल्ले आणि हातातलं सँडविच खाली ठेवून तो छताकडे बघायला लागला.

"बर्नार्ड, वर काय ठेवलंयस?"

सांगावं लागलं. ग्लेंडाला तिथंच कळलं. ट्रेव्हर जिना चढला, दारापाशी थांबला, आत न जाताच उतरला. चेहरा पीठ फासल्यासारखा.

"हे जुन्या फिल्मचं नायट्रेट आहे. सडलेलं. आजच्या आज बाहेर काढ. तू हात लावू नकोस, फायर ब्रिगेडला बोलाव."

मी म्हटलं, शंभर वर्षं काही झालं नाही त्याला.

"शंभर वर्षं तळघरात होतं रे. गारव्यात. हे पेटलं ना, तर पाण्यातसुद्धा जळतं. माझ्या गुरूच्या दोन्ही हातांना मिळून सहा बोटं होती, ती का ते विचार."

विचारलं नाही. ट्रेव्हरचं दुःख मला समजतं. चाळीस वर्षं त्या इमारतीत राबला आणि खजिना मिळाला मला. माणूस आहे, पोटात दुखणारच.

प्रोजेक्टर देत नाही म्हणाला.

१ जुलै, शुक्रवार

रविवारी मालिकेचा चौथा भाग झाला. घोड्याचा नाल आधुनिक. नऊ चुका. ग्लेंडा खाली दिवाणखान्यात सोफ्यावर झोपते आता. वरच्या वासानं डोकं चढतं म्हणे. मी तिला समजावलं की नाकाला सवय होते. माझ्या झाली.

"बर्नार्ड," ती म्हणाली, "तू त्या बाईसाठी एवढं करतोयस. माझ्यासाठी तू कधी दुलई आणली होतीस का?"

हे अन्यायाचं आहे. दुलई घरातलीच आहे.

८ जुलै, शुक्रवार

तिसऱ्या डब्याचं झाकण फुगलंय. पाचव्याच्या कडेनं तपकिरी भुकटी गळतेय, बारीक, कॉफीसारखी. वर्तमानपत्र पसरून गोळा केली, बरणीत भरून लेबल लावलं. दुलईखाली हात घातला तर उबदार. अंड्यांवर कोंबडी बसावी तसं.

खिडकीशी माश्या मरून पडल्यायत. अठ्ठावीस. मोजल्या.

भाषण अकरा पानं झालं. विषय: ‘अभिजात चित्रपट आणि आजची घसरण’.

११ जुलै, सोमवार

माळा त्रेचाळीस. ग्लेंडा बहिणीकडे क्लीथॉर्प्सला गेली. मॉइराचं घर समुद्राजवळ, तिथं गार असतं, एवढंच कारण. जाताना दारात बॅग खाली ठेवली.

"ते डबे घराबाहेर गेले की फोन कर."

एकवीसला जाणारच आहेत म्हटलं.

"मग एकवीसला कर."

तिची बॅग मोठी होती. हिवाळ्याचा कोट कशाला नेला, कळलं नाही.

१५ जुलै, शुक्रवार

रेडिओवर सोमवार-मंगळवारसाठी उष्णतेचा लाल इशारा. असला इशारा या देशात पहिल्यांदाच. घाबरवायचे धंदे.

ट्रेव्हर दारात आला, आत आला नाही. म्हणाला, "तू नाही केलास तर मी करतो फोन." मी त्याला स्पष्ट सांगितलं, माझ्या घराबद्दल परक्या माणसानं फोन केला तर पुन्हा बोलणार नाही. "परका," म्हणाला, आणि रस्ता ओलांडून गेला. पाय ओढत चालतो आता.

फोन त्यानं केला नाही. माझं म्हणणं पटलेलं दिसतंय.

१८ जुलै, सोमवार. दुपारी तीन

बाहेर अडतीस. माळा एकोणपन्नास. विक्रम!

वर बारीक आवाज येतोय. किटलीत पाणी तापायला लागतं तेव्हा येतो तसा. लाकूड प्रसरण पावतं.

दिवसभर टीव्ही लावला नाही. का ते माहीत नाही. घर ऐकत बसलो.

१९ जुलै, मंगळवार. सकाळी नऊ

झोप झाली नाही. मिसेस मॉल्टबींकडे चाललोय, हॉलचा पडदा मोजायला. दगडी हॉल, गार. जेवण तिथंच. ग्लेंडाचे दोन फोन येऊन गेले, घेतले नाहीत. तेच तेच बोलणं होणार.

माळ्यावर गेलो नाही. आज नोंद नाही.

२० जुलै, बुधवार. ट्रेव्हरची मागची खोली

क्रमानं लिहितो.

काल मी फोन घेत नाही म्हणून ग्लेंडा बस पकडून घरी आली. दुपारी सव्वातीनला. मी उन्हात कुठं पडलो असेन असं तिला वाटलं. खाली नाही, म्हणून मला शोधायला वर गेली. माळ्याच्या दारापर्यंत.

ट्रेव्हर त्याच्या खिडकीत बसलेला. तो म्हणतो, तो शुक्रवारपासून तिथंच बसत होता. त्याला कौलांखालून पिवळा धूर दिसला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पाय ओढणारा, जिना चढून गेला. ग्लेंडा वरच्या पायरीवर बसलेली, खोकत. दाराच्या फटीतून आवाज येत होता, म्हणाला, शेगडीत वारा घुसल्यासारखा. त्यानं तिला ओढत खाली आणलं. रस्त्यात पोचले आणि छप्पर गेलं.

मी हॉलमध्ये होतो. पडदा चौदा फूट दोन इंच.

बंब यायला वेळ लागला. काल सगळीकडेच शेतं पेटलेली. संध्याकाळी ग्लेंडा ठीक होती, या घरात बसून चहासुद्धा प्यायली. मला म्हणाली, "तू कुठं होतास?" नंतर रात्री तिला श्वास घेता येईना. ओठ निळे पडले. त्या धुराचं असं असतं म्हणे, उशिरा धरतो. आता इस्पितळात आहे. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. ट्रेव्हर शेजारच्या वॉर्डात, भाजलेल्या हातांना पट्ट्या. त्यानं मला घराची किल्ली दिली आणि झोपून घे म्हणाला.

तज्ज्ञ म्हणून माझं मत: अशी उष्णता कोणालाही अपेक्षित नव्हती.

सकाळी फायर ऑफिसर आली होती. तरुण बाई, भुवया काजळीनं माखलेल्या.

"माळ्यावरचं तापमान कोणी पाहत होतं?"

मी, म्हटलं.

"शेवटचं किती?"

एकोणपन्नास.

"आणि मग तुम्ही काय केलंत?"

वहीत लिहिलं.

तिच्याकडेही वही होती. तिनंही लिहिलं.

२४ जुलै, रविवार

ग्लेंडाचा मास्क काढला. डॉक्टर म्हणतात फुप्फुसं सावरतील, हळूहळू. मी हात धरला. तिनं धरू दिला, पण पकडला नाही. दोन्हींत फरक असतो. मला पूर्वी माहीत नव्हता.

इस्पितळातून ती मॉइराकडे जाणार. "छप्पर होईपर्यंत?" मी विचारलं. ती खिडकीबाहेर बघत होती.

३० जुलै, शनिवार

फिल्म संग्रहालयातून काल फोन आला. मीच पत्र टाकलं होतं, राष्ट्रीय हानी कळवायला. तिथली बाई फार आदबशीर. म्हणाली, "वाईट वाटलं ऐकून. पण ‘लेडी ॲग्नेस’ची पूर्ण प्रत आमच्याकडे आहे, मिस्टर ड्रिंग. वेबसाइटवर फुकट बघता येते. गेल्या वर्षी चौदा जणांनी पाहिली."

ट्रेव्हर घरी आलाय. पट्ट्या बांधलेल्या हातांनी त्याला लॅपटॉप उघडता येईना, मी उघडला. आज दुपारी दोघांनी बसून पाहिली. जिन्यावरची ती बाई ॲग्नेस नव्हेच. मोलकरीण आहे, पत्र देऊन निघून जाते, पुन्हा दिसत नाही. बाकी लोक हात वर करून पळतात.

विसाव्या मिनिटाला मला झोप लागली. ट्रेव्हरनं उठवलं नाही. शेवट काय झाला, विचारलं. "लग्न," म्हणाला.

त्याची माफी मागायची असं ठरवून बसलो होतो. "ट्रेव्हर," म्हटलं. तो म्हणाला, "राहू दे. टोमॅटोचं सूप गरम कर. मला डबा उघडता येत नाही."

१४ ऑगस्ट, रविवार

क्लीथॉर्प्स. दोन बस बदलून गेलो. फुलं नेली. मॉइरानं ती माझ्याकडे न बघता घेतली आणि सिंकमध्ये ठेवली.

ग्लेंडा आरामखुर्चीत, पायांवर शाल. टीव्हीवर मालिकेचा शेवटचा भाग. मला खुर्चीच्या हातावर बसायला जागा मिळाली. बागेत नृत्य चाललेलं. नायिका वळली आणि तिच्या पाठीवर, मानेपासून कमरेपर्यंत, सरळ लख्ख झिप. १८१४ साली! माझं तोंड उघडलं.

ग्लेंडाची मान वळली नाही. "बर्नार्ड. बोललास तर बाहेर बस."

मी तोंड मिटलं. पडद्यावर त्या दोघांचं जमलं. ग्लेंडाच्या डोळ्यांत पाणी आलं, मग खोकला आला, बराच वेळ थांबेना. मी पाण्याचा ग्लास धरून उभा राहिलो. ती सावरली. मॉइरानं टीव्ही बंद केला.

"झिप होती," ग्लेंडा म्हणाली.

मी म्हटलं, तुला दिसली?

"मला सगळ्या दिसतात. त्रेचाळीस वर्षं दिसतायत. मला बघायचं असतं म्हणून मी बोलत नाही."

मी विचारलं, घरी केव्हा येशील.

तिनं शाल नीट केली. घड्याळाकडे पाहिलं. "तुझी बस सव्वापाचची आहे," म्हणाली. "रविवारी त्यानंतर नसते."

मॉइरानं दार उघडून धरलं होतं. बस वेळेवर आली.